सहभागी-संच (विद्यापीठीय संशोधन)

विद्यापीठातील प्रयोगांत भाग घेण्यासाठी नोंदवलेल्या व्यक्तींचा समूह, तसेच त्यांची भरती, चाळणी व वेळनिश्चिती करणारी व्यवस्था. मानसशास्त्र आणि प्रायोगिक अर्थशास्त्र या विभागांत ती विशेष रूढ आहे. संचात बहुतांशी पदवीचे विद्यार्थी असतात.

उगम : या प्रथेचे मूळ सामान्यतः जर्मन मानसशास्त्रज्ञ व्हिल्हेल्म वुंट यांच्या लाइपसिक येथील प्रयोगशाळेत (१८७९) शोधले जाते. तेथे मात्र प्रयोगकर्ता आणि प्रयुक्त (ज्याच्यावर प्रयोग होतो तो) या भूमिका तीच मंडळी आलटूनपालटून करीत. निरीक्षण सांगणारा प्रशिक्षित असे व अहवालात त्याचे नावही येई. अनोळखी, अप्रशिक्षित माणसांची मोठ्या संख्येने मोजमापे घेण्याची रीत फ्रान्सिस गॉल्टन यांच्या लंडनमधील मानवमिती प्रयोगशाळेत (१८८४) दिसते. तेथे येणाराच तीन पेन्स मोजून आपली मापे घेववी. अशा ९,३३७ जणांच्या नोंदी झाल्या. मानसशास्त्राचे इतिहासकार कुर्ट डॅन्झिगर यांनी (१९९०) या दोहोंच्या जोडीला पॅरिसमधील संमोहन-प्रयोगांचा तिसरा, स्वतंत्र प्रवाह मानला. आजचा सहभागी एकदाच येतो, निनावी राहतो आणि सरासरीत मिसळून जातो. त्यामुळे त्याचे नाते लाइपसिकपेक्षा गॉल्टनशी जवळचे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. अमेरिकेत विद्यार्थ्यांवरील भिस्त विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पक्की झालेली होती. मानवी वर्तनाचे शास्त्र म्हणजे बव्हंशी द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या वर्तनाचे शास्त्र, अशी टीका क्विन मॅक्नेमार यांनी १९४६ मध्येच केली. पाश्चात्त्य, सुशिक्षित, सधन समाजांपुरत्या नमुन्यावरील हेन्रिक, हाइन व नोरेन्झायन यांचा आक्षेप (२०१०) त्याच दिशेचा, पण अधिक व्यापक आहे.

भरती : मोबदला श्रेयांकाचा किंवा रोख असतो. तासाला एक आणि अर्ध्या तासाला अर्धा श्रेयांक असा हिशेब बऱ्याच ठिकाणी चालतो. श्रेयांक देताना तेवढ्याच श्रमाचे पर्यायी काम उपलब्ध ठेवणे अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेच्या आचारसंहितेनुसार बंधनकारक आहे. वीस पानी निबंध हा अर्ध्या तासाच्या प्रयोगाला पर्याय होऊ शकत नाही. ती आडून केलेली सक्तीच होय.

जाहिरातीचे शब्द नमुना ठरवतात, हे पुष्कळदा दुर्लक्षिले जाते. स्टॅनफर्ड येथे विद्यार्थ्यांना पहारेकरी व कैदी बनवून केलेल्या तुरुंग-प्रयोगासाठी (१९७१) रोज १५ डॉलर देऊ करणाऱ्या जाहिरातीत तुरुंगातील जीवनाचा उल्लेख होता. कार्नाहन व मॅकफार्लंड यांनी (२००७) तशी एक आणि तो उल्लेख गाळलेली दुसरी, अशा जाहिराती देऊन पाहिले. तुरुंगाच्या उल्लेखाने आलेल्यांत आक्रमकता व अधिकारवादी वृत्ती अधिक आणि सहानुभूती कमी आढळली. म्हणून जाहिरातीत काम, कालावधी, स्थळ व मोबदला एवढेच द्यावे, गृहीतक सुचवू नये. मजकूर नैतिकता समितीकडून आधी मंजूर करून घ्यावा लागतो.

चाळणी : शैक्षणिक सत्राच्या आरंभी सर्वांकडून एक सामाईक प्रश्नावली भरून घेतात. निकष उघड करणे ही येथील नेहमीची चूक. ‘डावखुरे हवेत’ असे लिहिले की श्रेयांकासाठी उजवेही डावखुरे होतात. त्यामुळे हाताच्या वापराचे प्रश्न इतर प्रश्नांत मिसळून विचारतात आणि पात्र ठरणाऱ्यांनाच प्रयोग दिसेल अशी सोय करतात. चुंबकीय प्रतिमांकनासाठी (एमआरआय) पेसमेकर, शरीरातील धातू, गर्भारपण व बंद जागेची भीती यांची विचारणा होते. महिन्यांपूर्वीच्या उत्तरांवर न विसंबता ती त्याच दिवशी पुन्हा करावी.

वेळनिश्चिती : ४५ मिनिटांच्या प्रयोगाला तासाचा स्लॉट ठेवतात, संमतीपत्र आणि प्रयोगाच्या हेतूचा शेवटचा खुलासा यांना उरलेली १५ मिनिटे लागतातच. आदल्या दिवशी स्मरणपत्र जाते आणि रद्द करण्याची मुदत सहसा २४ तास आधीची असते. गटप्रयोगांत अडचण वेगळी असते. चौघांच्या गटांचा खेळ सोळा जणांचा असेल आणि पंधराच आले, तर तिघे बिनकामाचे उरतात. म्हणून अठरा-वीस जणांना बोलावतात आणि जास्तीच्यांना हजेरीचे पैसे देऊन परत पाठवतात. बेन ग्राइनर यांची ‘ऑर्सी’ ही प्रणाली प्रायोगिक अर्थशास्त्रात निमंत्रणे व गैरहजेरी यांची नोंद ठेवण्यासाठी वापरली जाते.

सत्राच्या अखेरीस येणारे विद्यार्थी कमी कर्तव्यदक्ष असतात, असा समज आहे. वीस विद्यापीठीय संचांवरील सामूहिक अभ्यासात (२०१६) सत्रातील वेळेमुळे प्रयोगांचे निष्कर्ष फारसे बदललेले दिसले नाहीत. तरीही प्रयोगाची एक अट (तुलनेसाठी योजलेली परिस्थिती) सत्राच्या आरंभी व दुसरी अखेरीस उरकणे सदोषच. दोन्ही अटी दर आठवड्याला सोबत चालवाव्यात.

भारत : कलकत्ता विद्यापीठात १९१५–१६ च्या सुमारास नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्या पुढाकाराने प्रायोगिक मानसशास्त्र सुरू झाले. महाराष्ट्रातील महाविद्यालयीन प्रात्यक्षिकांत प्रयुक्त बहुधा वर्गमित्रच असतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे श्रेणीबद्ध नात्यातील विद्यार्थ्यांना असुरक्षित गटात धरतात. त्यामुळे निमंत्रण वर्गशिक्षकाऐवजी त्रयस्थाकडून जावे आणि कोण आले, कोण नाही ही यादी गुण जाहीर होईपर्यंत शिक्षकाच्या हाती पडू नये.