लिक्विड क्रिस्टलमध्ये मॅग्नेटिक नॅनोपार्टिकल: बाटली उघडण्याआधी एवढं वाचाच

आमच्याकडून हे मिक्स्चर, म्हणजे अतिशय बारीक चुंबकीय कण (नॅनोपार्टिकल) मिसळलेलं लिक्विड क्रिस्टल, घेणाऱ्या बहुतेक लॅबवाल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, पार्टिकल अजून वाढवून द्या ना, म्हणजे इफेक्ट पण वाढेल. तसं होत नाही, आणि का होत नाही हे नीट कळावं म्हणून हे पत्रक.

आधी साधं नेमॅटिक लिक्विड क्रिस्टल बघू. त्यातले लांबुळके मॉलिक्यूल साधारण एकाच दिशेला तोंड करून असतात, पण द्रव असल्यामुळे वाहतातही. ही दिशा व्होल्टेजने वळवणं सोपं आहे, ५सीबी या नेहमीच्या नेमॅटिक लिक्विड क्रिस्टलसारख्या मटेरियलला एक व्होल्टच्या आतच सुरुवात होते, डिस्प्ले चालतात ते याच जोरावर. मॅग्नेटने मात्र जाम वळत नाही. मॉलिक्यूलचा चुंबकीय प्रतिसाद फारच दुबळा, त्यामुळे २० मायक्रॉनच्या सेलमध्ये (दोन काचांमधल्या पातळ फटीत) दिशा हलायला सुरू व्हायलाच ०.४ टेस्लाच्या आसपास चुंबकीय फील्ड लागतं. सेल जाड केला तर कमी लागतं, पण मग रिस्पॉन्स मंदावतो.

१९७० मध्ये ब्रोशार आणि द जेन या फ्रेंच शास्त्रज्ञांनी कागदावर मांडलं की या द्रवात बारीक चुंबकीय कण मिसळले तर फील्ड कणांना वळवेल आणि कण आजूबाजूच्या मॉलिक्यूलना वळवतील, म्हणजे मधला दलाल म्हणून कण काम करतील. मूळ आयडिया एवढीच. पण कण वळला आणि मॉलिक्यूलनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही तर उपयोग शून्य, म्हणून सगळा खेळ कणाच्या पृष्ठभागावर आहे. मॉलिक्यूल त्या पृष्ठभागाला किती घट्ट धरतात आणि कणाचा चुंबकीय अक्ष मॉलिक्यूलच्या दिशेला समांतर बसतो की आडवा, यावर निकाल ठरतो. ५सीबीसारख्यात समांतर बसला तर कमी फील्डमध्ये दिशा वळते, आडवा बसला तर उलट जास्त फील्ड लागू शकतं! म्हणून कुणाच्या पेपरमध्ये थ्रेशोल्ड (दिशा वळायला सुरू होण्यासाठी लागणारं फील्ड) खाली आलाय आणि तुमच्याकडे वर गेलाय, तर लगेच मिक्स्चर खराब आहे असं समजू नका, आधी कोटिंग आणि कणाचा आकार कुठला ते बघा.

आकाराचं म्हणाल तर गोल कणापेक्षा काडीसारखा किंवा चपट्या चकतीसारखा कण दिशा जास्त चांगली पकडतो. २०१३ मध्ये स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियाना इथल्या गटाने बेरियम हेक्साफेराइट या चुंबकीय पदार्थाच्या चपट्या चकत्या ५सीबीमध्ये घातल्या, आणि बाहेरून फील्ड नसतानाही स्वतःचं चुंबकत्व टिकवणारा नेमॅटिक द्रव मिळवला. आमच्या मते या विषयातला हा सगळ्यात सुंदर रिझल्ट आहे.

आता प्रमाण. कण वाढवले की ते एकमेकांजवळ येतात, एकमेकांना ओढतात, शिवाय लिक्विड क्रिस्टलला स्वतःची शिस्त मोडलेली आवडत नाही म्हणून तेही त्यांना एकत्र ढकलतं, मग गाठी होतात आणि गाठ झाली की ती तळाला बसते, वरचं जे उरतं ते जवळजवळ साधं लिक्विड क्रिस्टलच. ओलेइक ॲसिडसारखं कोटिंग कणांना लांब ठेवायला असतं, पण त्यालाही मर्यादा आहे. म्हणूनच आम्ही प्रमाण मुद्दाम अगदी कमी ठेवतो.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते तापमानामुळे. ५सीबी ३५ अंशाच्या थोडं वर नेमॅटिक राहत नाही, साधा द्रव होतो. तो परत हळूहळू थंड केला तर नेमॅटिक भाग पुढे सरकताना कणांना आपल्यापुढे रेटत नेतो आणि जिथे थांबतो तिथे काळपट रेघ दिसते. कण नीट मिसळायला अल्ट्रासॉनिक बाथमध्ये बाटली ठेवली की पाणी आपोआप तापतं, हे पटकन लक्षात येत नाही, म्हणून थोडा वेळ चालवा, मध्ये थांबा, थर्मामीटर पाण्यातच असू द्या. तापवावंच लागलं तर थंड पटकन करा. आणि बाटली मॅग्नेटिक स्टररच्या शेजारी तर अजिबात ठेवू नका.

सेल भरण्याआधी एक थेंब काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघा, एकदा दोन्ही पोलरायझर एकमेकांना काटकोनात लावून आणि एकदा काढून. पोलरायझर काढल्यावरही काळे ठिपके दिसत असतील तर त्या गाठीच, तो सेल भरू नका, बाटलीवरचा बॅच नंबर आम्हाला कळवा, बाटली बदलून मिळेल.