नाव अंडाशयाचं, मूळ अंडनलिकेत

अंडनलिकेचा कर्करोग पाठ्यपुस्तकात एखाद्या ओळीत उरकलेला असायचा: स्त्रियांच्या जननेंद्रियांच्या कर्करोगांत जेमतेम १ टक्का, पण जहाल. इतका दुर्मिळ का, हे फारसं कुणी विचारलं नाही.

इटलीच्या गाब्रिएले फालोप्पियो यांनी १५६१ साली या नलिकेचं वर्णन केलं, तेव्हा त्यांना तुतारी आठवली. गोष्ट सगळी त्या तुतारीच्या तोंडापाशी आहे. दहा-बारा सेंटीमीटरची ही नलिका अंडाशयाकडे पसरट होते, तिच्या कडेला झालर असते आणि ती अंडाशयाला जवळजवळ टेकलेली असते. झालरीतली बिघडलेली पेशी गळाली, की पडणार अंडाशयावर नाहीतर थेट पोटाच्या पोकळीत. गाठ तिथे वाढते, नलिका तिच्यात गुरफटून जाते. ऑपरेशनच्या वेळी दिसतं ते सुजलेलं अंडाशय, आणि रिपोर्टवर नावही त्याचंच लागतं.

बीआरसीए जनुकात दोष असला की स्तन आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका खूप वाढतो; म्हणून असा दोष असलेल्या काही स्त्रिया खबरदारी म्हणून अंडाशय आणि नलिका काढून घेतात. २००१ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी अशा नलिका तपासल्या, तर कर्करोगाआधीचे बदल नलिकेतच सापडले. पूर्वी पॅथॉलॉजिस्ट नलिकेच्या मधल्या भागाच्या एक-दोन चकत्या पाहून थांबत. पुढे बोस्टनमध्ये झालरच उभी चिरून पूर्ण तपासायची पद्धत बसली. सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी अस्तरात पेशींची एकेरी, केसाळ रांग दिसते. बिघडलेल्या जागी केस गेलेले, केंद्रकं काळवंडलेली आणि दाटीवाटीने एकमेकांवर चढलेली. एवढासा ठिपका. बघितलाच नाही तर सापडणार कुठून?

अंडाशयाचे सगळेच कर्करोग इथून येतात असं नव्हे. पण 'हाय-ग्रेड सीरस' हा सर्वांत जास्त आढळणारा आणि घातक प्रकार बहुतेकदा इथलाच, असं आता मानलं जातं. २०१४ पासून नलिका, अंडाशय आणि पोटाचं आवरण या तिन्हींच्या कर्करोगांच्या पायऱ्या (स्टेज, म्हणजे रोग किती पसरलाय) एकाच तक्त्यात मोजतात.

लक्षणं दगा देतात. पाण्यासारखा स्राव, ओटीपोटात कळ, रजोनिवृत्तीनंतरचं रक्त. बऱ्याच जणींना यातलं काहीच जाणवत नाही. चाळणी चाचण्यांची, म्हणजे लक्षणं नसतानाच रोग शोधणाऱ्या तपासण्यांची, हीच निराशा: ब्रिटनमध्ये २ लाख स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात, ज्याचा अंतिम निकाल २०२१ मध्ये आला, या चाचण्यांमुळे मृत्यू कमी झाले नाहीत.

म्हणून काही ठिकाणी मूल नको असलेल्या स्त्रीचं दुसरं ऑपरेशन चालू असतानाच नलिकाही काढतात. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात २०१० पासून हे सुरू आहे. अंडाशय जागेवर असल्याने रजोनिवृत्ती लवकर ओढवत नाही. बीआरसीए जनुकात दोष असलेल्यांनीही आधी नलिका आणि अंडाशय काही वर्षांनी, असं केलं तर चालेल का, यावर चाचण्या चालू आहेत.