सिंहगडाच्या धुक्यात घामाचं काय होतं?

जुलैतला रविवार. पहाटे साडेपाचला गडाच्या पायथ्याशी आतकरवाडीत गाड्या लावून आमच्या रनिंग क्लबची बावीस माणसं पायवाटेला लागली. पावसाळ्यात एकदा आम्ही आपापसांत ही शर्यत लावतोच. पुणे दरवाजाला हात लावायचा आणि घड्याळ थांबवायचं. पहिल्या येणाऱ्याच्या पिठलं-भाकरीचे पैसे बाकीच्यांनी द्यायचे.

लिंबू सरबताच्या एका बंद टपरीपाशी पुढच्याची पाठ दिसेनाशी झाली. खालून गडावर टेकलेला ढग दिसत होता, त्यातच आम्ही शिरलो होतो. लांबून पाहणाऱ्याचा ढग, तेच आत असणाऱ्याचं धुकं.

पण ते नेमकं तिथूनच का सुरू व्हावं? पश्चिमेचा पावसाळी वारा डोंगराला भिडून वर चढतो. वर दाब कमी, म्हणून हवा पसरते आणि पसरता पसरता दर १०० मीटरला जवळपास १ अंशाने थंड होते. तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातलं बाष्प मावेनासं होतं ते, मात्र तेवढ्याच चढावर जेमतेम ०.२ अंशाने उतरतो. दोघांची गाठ पडते तिथे वाफेचं पाणी होऊ लागतं. तोंडी हिशेब असा: तापमान आणि दवबिंदू यांत जितक्या अंशांचं अंतर, तितके गुणिले १२५ मीटर. पुण्यात २४ अंश तापमान आणि २१ दवबिंदू असेल, तर ढगाचा तळ ३७५ मीटर वर. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, म्हणजे तळ आला ९३५ मीटरवर. गडमाथा सुमारे १३०० मीटर. धुकं निम्म्या वाटेत गाठणारच.

आत शिरल्यावर पापण्या जड झाल्या. हातावरच्या प्रत्येक केसाला बारीक मोती लागले होते, तळहात मात्र कोरडा. ढगातला थेंब मिलिमीटरच्या पन्नासाव्या-शंभराव्या हिश्शाएवढा असतो. रुंद तळव्याला वळसा घालणारी हवा आधीपासूनच वळते आणि थेंबालाही सोबत नेते. केसापाशी ती ऐनवेळी वळते, थेंबाला तेवढ्यात वळता येत नाही, तो आदळून चिकटतो. कारवीतली कोळ्याची जाळी अशीच पांढरी दिसत होती. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ढगांच्या अभ्यासासाठी २०१२ मध्ये महाबळेश्वरला प्रयोगशाळा उभारली, तीही याच सोयीसाठी: तिथे ढग आपणहून उपकरणांपाशी येतो.

पाठीमागून आमच्या क्लबातल्या काकांनी धापा टाकत विचारलं, "अरे, हवा इतकी ओली, मग घाम वाळणार कसा?" प्रश्न जिवाशी निगडित आहे. ६० किलोचा माणूस ६०० मीटर चढतो तेव्हा नुसतं वजन वर न्यायला सुमारे ८४ किलोकॅलरी लागतात. स्नायू फार तर पाव हिस्सा इंधन कामी लावतात, उरलेल्याची उष्णता होते. म्हणजे निदान अडीचशे किलोकॅलरी अंगातच. ती बाहेर पडली नाही तर शरीर ५ अंशांनी तापेल, ३७ चे ४२ होतील. काही उष्णता गार वारा नेतो, पण मोठा भार घामावर. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. वाळताना, हे महत्त्वाचं. नाकावरून ठिबकून गेलेला घाम या हिशेबात धरायचा नाही.

काकांना मी म्हटलं, वाळतो, कारण आपण हवेपेक्षा गरम आहोत. १९ अंशांची हवा घनमीटरमागे १६ ग्रॅम बाष्पाने तुडुंब भरते. पण कातडीला लागून ती ३४ अंशांपर्यंत तापली, की तिच्यात ३७ ग्रॅमची जागा होते. आर्द्रता शंभर टक्के हे त्या गार हवेचं माप, आपल्या अंगाला लागलेल्या हवेचं नव्हे. खरा धोका दमट आणि उष्ण हवेत, तापमान अंगाच्या जवळ आलं की. तिथे घाम नुसता वाहतो.

याचा पुरावा पुणे दरवाजात मिळाला. काकांनी टोपी काढली आणि डोक्यातून वाफ निघू लागली. अंगावरची ऊबदार बाष्पभरली हवा गार हवेत मिसळली, की जादा बाष्पाचे थेंब होतात. दहावीच्या पुस्तकातली अप्रकट उष्मा, म्हणजे पाण्याची वाफ होताना लागणारी उष्णता, मला इतकी स्पष्ट कधीच दिसली नव्हती. घाम वाळताना ती अंगातून घेतो. ढगात वाफेचं पाणी होताना तीच उष्मा हवेला परत मिळते, म्हणून ढगातली हवा चढताना निम्म्याच वेगाने गार होते.

पण थांबलो की स्नायूंची भट्टी मंदावते, ओला टी-शर्ट मात्र उष्णता ओढतच राहतो. दहा मिनिटांत दात वाजायला लागतात. म्हणून आमच्यात नियम आहे, आधी कोरडा बनियन, मग कांदा भजी आणि मडक्यातलं दही.

नऊच्या सुमारास उतरायला लागलो. सकाळी जिथे धुक्यात शिरलो होतो ती टपरी आता उघडली होती आणि वरूनच लख्ख दिसत होती. खाली पुण्यात पारा दोन अंश चढला असेल तर ढगाचा तळ अडीचशे मीटर वर जायला हवा. काकांनी मागे वळून पाहिलं. गडाच्या फक्त माथ्यावर ढग उरला होता, आणि खाली खडकवासल्याचं पाणी दिसत होतं.