केंद्रीय विद्यालय आणि नवोदयमध्ये ग्रंथपाल व्हायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

सहावी ‘ब’, मंगळवार, चौथा तास, लायब्ररी. केंद्रीय विद्यालयाच्या वेळापत्रकात गणित-विज्ञानासारखाच हाही तास छापलेला असतो आणि तो ग्रंथपालालाच घ्यावा लागतो. देवघेव करता करता निम्मा तास संपतो. उरलेल्या वेळात कुणाला गोष्ट वाचून दाखवायची, कुणाला कोशातली नोंद शोधायला शिकवायचं. एखाद्याने प्रकल्पासाठी इंटरनेटवरून मजकूर जसाच्या तसा उतरवून आणला असेल, तर त्याला शेजारी बसवून विचारायचं, ‘हे कुणी लिहिलंय? कधी लिहिलंय? दुसरीकडे ताडून पाहिलंस का?’

म्हणूनच नवोदय विद्यालय समितीच्या जाहिरातीत ग्रंथपालाचं पद संगीत, चित्रकला आणि शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांच्या गटात येतं. आपल्याकडच्या खासगी शाळांमध्ये मात्र १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे ग्रंथपाल शिक्षकेतर कर्मचारी ठरतो. हा फरक अर्जाआधी समजून घ्या. मुलाखतीला गेलेले बरेच जण वर्गीकरणावर भरभरून बोलतात आणि ‘सातवीच्या मुलांचा एक तास कसा घ्याल?’ म्हटलं की अडखळतात.

पात्रता वाचायला सोपी आहे. ग्रंथालयशास्त्राची पदवी, म्हणजे बी. लिब., किंवा कोणतीही पदवी आणि त्यावर मान्यताप्राप्त संस्थेचा एक वर्षाचा ग्रंथालयशास्त्र डिप्लोमा. शिवाय हिंदी आणि इंग्रजीचं कामापुरतं ज्ञान. मराठी माध्यमात शिकलेल्यांनी हिंदीचा धसका घेऊ नये, दहावीपर्यंतचं हिंदी इथे उपयोगी पडतं. टीईटी किंवा सीटीईटी या पदाला लागत नाही आणि बी. एड.चीही अट नसते. टक्केवारीची अट आहे की नाही, असल्यास किती, हे त्या त्या जाहिरातीतच पाहायचं. गेल्या वेळचा कागद या वेळी चालवू नका.

सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते प्रमाणपत्रावरून. जिल्हा ग्रंथालय संघातर्फे काही महिन्यांचा वर्ग चालतो आणि राज्याचं ग्रंथालय संचालनालय त्याची परीक्षा घेतं. सार्वजनिक वाचनालयात काम करणाऱ्यांसाठी तो चांगला आहे, त्यातून खूप शिकायला मिळतं. पण ते प्रमाणपत्र म्हणजे बी. लिब. नाही आणि एक वर्षाचा डिप्लोमाही नाही. नोकरी सांभाळून शिकायचं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू यांचा बी. लिब. अभ्यासक्रम आहे. इतर कुठून दूरशिक्षणाने करत असाल तर त्या विद्यापीठाला त्या वर्षी त्या अभ्यासक्रमासाठी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता होती का, ते प्रवेश घेण्याआधी तपासा. फी भरून झाल्यावर तपासणारे मी पाहिलेत.

दुसरी मेख निकालाच्या तारखेची. अर्जाच्या शेवटच्या दिवसापर्यंत निकाल हातात असावाच लागतो. ‘परीक्षा झाली आहे, गुणपत्रिका येईल’ हे चालत नाही.

वयाची कमाल मर्यादा ३५ वर्षं. त्यावर अनुसूचित जाती-जमातींना ५ आणि इतर मागासवर्गाला ३ वर्षांची सूट. दिव्यांग, माजी सैनिक, महिला आणि आधीपासून केंद्राच्या सेवेत असलेल्यांच्या सवलती जाहिरातीच्या तक्त्यात वेगळ्या दिलेल्या असतात. वेतन सातव्या आयोगाच्या स्तर ७ मध्ये, मूळ वेतन ४४,९०० पासून १,४२,४०० पर्यंत, भत्ते वेगळे.

आता जातीच्या दाखल्याकडे या. हा भाग नीट वाचा, कारण महाराष्ट्रातले उमेदवार इथेच घसरतात. ही केंद्राची भरती आहे. आपल्या राज्यातले विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग हे रकाने केंद्राच्या अर्जात नसतात. धनगर, वंजारी हे समाज राज्यात भटक्या जमातींत मोडतात, पण केंद्राच्या ओबीसी यादीत त्यांची नोंद आहे. त्यामुळे त्यांनी ओबीसीतून अर्ज करायचा. बाकीच्यांनी आपल्या जातीचं नाव केंद्राच्या महाराष्ट्रासाठीच्या यादीत स्वतः शोधावं, शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नये. राज्याने २०२४ च्या कायद्याने मराठा समाजाला दिलेलं एसईबीसी आरक्षण केंद्राच्या नोकरीत लागू नाही. तिथे उत्पन्न आणि मालमत्तेच्या अटीत बसत असाल तर ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक. कुणबी दाखला असेल तर कुणबी केंद्राच्या यादीत आहेत.

ओबीसींसाठी नॉन-क्रीमिलेअर दाखलाही केंद्राच्या नमुन्यातलाच लागतो. सेतूत गेल्यावर ‘नॉन-क्रीमिलेअर हवं’ एवढंच म्हणालात तर बहुधा राज्याचा नमुना हातात पडतो. त्यामुळे ‘केंद्र सरकारच्या नोकरीसाठी’ हे शब्द अर्ज देतानाच उच्चारा आणि जाहिरातीच्या शेवटी जोडलेल्या नमुन्याची प्रत सोबत ठेवा. दाखला कोणत्या तारखेनंतरचा हवा तेही तिथेच लिहिलेलं असतं. ईडब्ल्यूएस दाखला आर्थिक वर्षाला बांधलेला असतो, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि जमीन-घराच्या अटी वेगळ्या. पाच एकर किंवा त्याहून जास्त शेतजमीन असेल तर उत्पन्न कितीही कमी असो, हा दाखला मिळत नाही. डोमिसाइलची मात्र गरज नाही. राज्यातलं महिलांचं ३० टक्के समांतर आरक्षणही इथे नसतं.

नावाचं प्रकरण किरकोळ वाटतं, पण पडताळणीच्या टेबलावर तेच सगळ्यांना रडवतं. आपल्या बोर्डाच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर क्रम वेगळा, पदवीवर तिसराच. अर्जात दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे नाव आणि जन्मतारीख भरा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद आधीच काढून ठेवावी. माझ्या ओळखीतल्या एकीचं बी. लिब. माहेरच्या नावाचं, जातीचा दाखला सासरच्या नावाचा. पडताळणीला दोन आठवडे राहिले असताना तिची धावपळ मी डोळ्यांनी पाहिली आहे.

अर्ज ऑनलाइनच असतो. ईमेल आणि मोबाइल क्रमांक तुमचाच द्या, सायबर कॅफेवाल्याचा नको. पुढची सगळी पत्रं, प्रवेशपत्रसुद्धा, तिथेच येतात. फोटो आणि सही ठरलेल्या मापात चढवायची, प्रवर्ग नीट निवडायचा, शुल्क भरून पावती आणि भरलेल्या अर्जाची प्रत जपून ठेवायची. आता कुठल्या शाळेत नोकरीला असाल तर संस्थेकडे ना हरकत प्रमाणपत्रासाठी अर्ज भरतानाच लेखी मागणी करा आणि पोच घ्या. संस्था ते पत्र शेवटच्या दिवसापर्यंत दाबून ठेवतात. माझ्या बाबतीत तसं झालं होतं.

केंद्रीय विद्यालयांची मोठी भरती २०१८, २०२२ आणि २०२५ अशी आली. २०२२ च्या जाहिरातीत ग्रंथपालांच्या ३५५ जागा होत्या. २०२५ मध्ये केंद्रीय विद्यालय संघटन आणि नवोदय या दोघांसाठी एकत्र भरती निघाली आणि परीक्षेचं काम सीबीएसईकडे गेलं. परीक्षेत सामान्य ज्ञान, तर्क, भाषा आणि संगणक हे असतंच, पण निवड ठरते ती ग्रंथालयशास्त्रावर. रंगनाथनांची १९३१ ची पंचसूत्रं, ड्यूई आणि कोलन वर्गीकरण, तालिकीकरण (पुस्तकांची सूची करणं), मार्क २१ हा संगणकातल्या नोंदीचा साचा, इन्फ्लिबनेट आणि डेलनेटसारखी ग्रंथालयांना जोडणारी जाळी, हे सगळं बी. लिब.च्या पुस्तकात आहेच. नुसती घोकंपट्टी मात्र पुरत नाही. ड्यूईत मराठी साहित्याला ८९१.४६ हा क्रमांक का मिळतो, तो टप्प्याटप्प्याने कसा तयार होतो, हे कागदावर मांडता आलं पाहिजे.

तंत्रज्ञान हा या नोकरीचा रोजचा भाग आहे. केंद्रीय विद्यालयांच्या ग्रंथालयांत एनआयसीचं (केंद्राच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं) ई-ग्रंथालय किंवा कोहा ही सॉफ्टवेअर वापरात आहेत. दाखल नोंदवहीतली हजारो पुस्तकं त्यात चढवायची, बारकोड लावायचे, मुलांना संगणकावर पुस्तक शोधायला शिकवायचं. दीक्षा, ई-पाठशाला, खरगपूरच्या आयआयटीने उभारलेलं नॅशनल डिजिटल लायब्ररी हे मुलांपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारीही बहुतेक वेळा ग्रंथपालावरच येते. कोहा फुकट मिळतं, आपल्या संगणकावर बसवून त्यात घरातली शंभर पुस्तकं चढवून पाहा. त्याने होणारी तयारी कुठल्या गाइडने होत नाही.

बदली देशभर कुठेही होऊ शकते, आणि पहिली नेमणूक महाराष्ट्राबाहेर मिळणं अगदी नेहमीचं आहे. नवोदय तर पूर्ण निवासी, शाळेच्या आवारातच राहायचं आणि संध्याकाळी अभ्यासिकेवर, रविवारी कार्यक्रमांवर लक्ष ठेवायचं. पहिल्या दोन नवोदय विद्यालयांपैकी एक १९८५-८६ मध्ये आपल्या अमरावतीत सुरू झालं, पण तिथली जागा मिळेल असं धरून चालू नका. रुजू होताना मूळ कागदपत्रं, वैद्यकीय तपासणी आणि चारित्र्य पडताळणी लागते.

पुढची जाहिरात येईपर्यंत एक वाट मोकळी आहे. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास केंद्रीय विद्यालयं आपापल्या संकेतस्थळावर कंत्राटी शिक्षकांच्या थेट मुलाखती जाहीर करतात, त्यात कधी कधी ग्रंथपालही असतो. जवळच्या विद्यालयाचं पान त्या दिवसांत आठवड्यातून एकदा उघडून पाहा. जाताना मूळ कागद, छायाप्रतींचे दोन संच आणि पासपोर्ट आकाराचे चार फोटो न्या. रांग सकाळी आठलाच लागलेली असते.