टोपीवर फुगीर अक्षर पाहिजे? फाईल पाठवायच्या आधी हे वाचा

श्रावणातले कानबाईचे रोट (आपला खानदेशातला सण) संपले की आमच्याकडे मंडळांच्या टोप्या सुरू होतात, आणि दरवर्षी तेच ऐकायला मिळतं, "भाऊ, फाईल रेडी आहे, फक्त खाली फोम टाका अन मारून द्या." भाऊ, तसं होत नाही, म्हणून हा कागद छापला. फुगीर अक्षर म्हणजे टोपीवर फोमची शीट ठेवून तिच्यावरून मशीनने मारलेली एम्ब्रॉयडरी, आणि फाईल म्हणजे टाका कुठे घालायचा ते मशीनला सांगणारी.

साध्या एम्ब्रॉयडरीच्या फाईलमध्ये टाक्यांच्या ओळींत साधारण ०.४ मिमी अंतर असतं. फोमला ते जवळपास निम्मं लागतं, कारण फोम इथे सुईच कापते. अगदी जवळजवळ भोकं पडतात, पोस्टाच्या तिकिटाच्या कडेला असतात ना तशी, मग वरचा फोम हाताने ओढला की अक्षराच्या कडेने निघून येतो. साधी फाईल चालवली तर तो नीट तुटत नाही, टाक्यांतून डोकावतो, आणि अक्षराची टोकं उघडी राहिली की तिथून बाहेर येतो, म्हणून टोकं वेगळी बंद करावी लागतात. मोठा भरीव भाग असेल तर टाक्यांखाली फोम दबून सपाटच होतो, मग फोम टाकला कशाला? म्हणजे पंचिंग (टाक्यांची फाईल बनवणं) पहिल्यापासून. एकदा एका गिऱ्हाइकाच्या आग्रहाखातर तयार फाईल तशीच चालवली, डझनभर टोप्या गेल्या अन आम्ही रात्री चिमट्याने फोम उपटत बसलो. तेव्हापासून फोमची फाईल आम्हीच बनवतो आणि तिचे पैसे वेगळे घेतो. एकदाच घेतो, पुढच्या वर्षी फक्त रंग सांगा.

दुसरं, अक्षरं. टोपीला पुढे उंची मिळते दोन-सव्वादोन इंच, त्यात मंडळाचं पूर्ण नाव, गाव, तालुका, जिल्हा, स्थापना साल सगळं फुगीर नाही बसत. रेघ ३-४ मिमीपेक्षा बारीक असेल तर फोम उठत नाही, १० मिमीच्या वर गेली तर टाका लांब होऊन नखात अडकतो. इंग्रजी अक्षरं सोपी, आपल्या मराठीत वेलांटी, रफार, जोडाक्षरं, श्री मधली पोकळी बुजूनच जाते. आम्ही काय करतो, मुख्य शब्द जाड अक्षरात फोमवर आणि बाकी नाव साध्या टाक्यात, साधं आधी मारायचं, फोम शेवटी. दिसायलाही तेच भारी दिसतं, दुकानात सॅम्पल आहेत, हात लावून बघा.

फोम धाग्याच्याच रंगाचा घेतो, उगाच पांढरा नाही. टोपी पुढून बक्रमवाली (आतून ताठ अस्तराची) कडक आणा. पातळ टी-शर्टवर मोठं फुगीर डिझाईन आम्ही शक्यतो घेत नाही, कापड आकसतं आणि बोलणी आम्हाला बसतात. हुडी, जॅकेट चालेल.

धुताना हातानेच, गार पाण्यात, ब्रश नको, आणि डिझाईनवर इस्त्री अजिबात फिरवू नका, फोम बसला की परत उठत नाही.

सॅम्पल टोपी आधी दाखवतो, तुम्ही हो म्हटलं की बाकीच्या मशीनला लावतो. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेसाठी टोप्या पाहिजे असतील तर दिवाळी झाली की लगेच या, आदल्या आठवड्यात आलात तर साधी एम्ब्रॉयडरी मिळेल, फोमची नाही.