जळगावची लेक आणि ‘आतला आवाज’

राष्ट्रपतिपदाची निवडणूक आली की खान्देशात २००७ चा विषय निघतोच. जळगाव जिल्ह्यातल्या नाडगावात जन्मलेल्या, जळगावच्या एम. जे. कॉलेजात शिकलेल्या प्रतिभाताई पाटील तेव्हा रिंगणात होत्या. १९६२ मध्ये जळगावातून आमदार, पुढे एदलाबादमधून, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरातून, चार वेळा.

या निवडणुकीत मतदार असतात निवडून आलेले खासदार आणि आमदार. महाराष्ट्रातल्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५. ते अजून १९७१ च्या लोकसंख्येवर ठरतं. मतदान गुप्त, पक्षाचा व्हिप चालत नाही. हुकूम सोडता येत नाही, म्हणून मन वळवावं लागतं.

१९६९ मध्ये काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी होते, पण इंदिरा गांधींनी सदसद्विवेकबुद्धीला, म्हणजे आतल्या आवाजाला, स्मरून मत द्या म्हटलं. दुसऱ्या पसंतीची मतं मोजावी लागली आणि अपक्ष व्ही. व्ही. गिरी निवडून आले: ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७. तिसरे राहिले चिंतामणराव देशमुख. मुंबईच्या प्रश्नावर केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडणारा हा माणूस, पण तेव्हा ‘आपला मराठी माणूस’ हा मुद्दा कामी आला नाही. याची मला आजही रुखरुख वाटते.

२००७ मध्ये पारडं फिरलं. भाजप आघाडीच्या पाठिंब्यावर अपक्ष लढणाऱ्या भैरोंसिंह शेखावतांच्या बाजूने पुन्हा आतल्या आवाजाची हाक आली. प्रतिभाताईंच्या बाजूने पहिली महिला राष्ट्रपती हा मुद्दा होता. सासर राजस्थानी मुळाचं, त्यामुळे शेखावतांच्याच राज्याची सून हेही सांगितलं गेलं. शिवसेना तर मराठीपणासाठी भाजपसोबतची स्वतःची आघाडी तेवढ्यापुरती सोडून प्रतिभाताईंच्या मागे उभी राहिली. प्रतिभाताई जिंकल्या: ६,३८,११६ विरुद्ध ३,३१,३०६.

माझ्या मते आतला आवाज १९६९ मध्ये चालला, कारण त्यामागे खुद्द पंतप्रधान होत्या. विरोधकांनी तीच हाक दिली की ती विरून जाते. आघाड्या फोडते ती ओळख. आम्हाला प्रतिभाताईंचा अभिमान होता आणि आहे. तरी राष्ट्रपतींनी संसदेकडे परत पाठवायची विधेयकं, फाशीच्या कैद्यांचे दयेचे अर्ज यांबद्दल उमेदवाराची भूमिका काय, हे प्रचारात ऐकायला मिळायला हवं होतं.

२०२२ मध्ये विरोधकांचे उमेदवार यशवंत सिन्हांनीही सदसद्विवेकाला साद घातली. समोर भाजप आघाडीच्या आदिवासी उमेदवार द्रौपदी मुर्मू होत्या, आणि भाजपशी फारकत घेतलेल्या उद्धव ठाकऱ्यांनी पक्षातल्या आदिवासी नेत्यांच्या आग्रहाचं कारण देत त्यांना पाठिंबा दिला. नंदुरबार, धडगाव, अक्कलकुव्याच्या आदिवासी पट्ट्यात तो मुद्दा कुणाला समजावून सांगावा लागला नाही.