आवाज जागेवरून उचलावा का? ध्वनिकलेतल्या एका वादाची पार्श्वभूमी

मराठवाड्यात काळ कानाने ओळखायची सवय जुनी आहे. पहाट जात्यांवर कळायची, सकाळ वासुदेवाच्या चिपळ्यांवर, आणि लग्नाचा मुहूर्त घटिकापात्र बुडाल्यावर. जागेचं म्हणाल, तर वेरूळच्या १० क्रमांकाच्या लेण्यात एक स्वर लावून पाहावा. दगडी फासळ्यांच्या छताखाली तो बराच वेळ घुमत राहतो. ही झाली पूर्वपीठिका. ध्वनिकलेत, म्हणजे आवाजांनाच साहित्य मानणाऱ्या कलेत, आवाज त्याच्या जागेपासून तोडावा की जागेसकट ठेवावा, हा वाद सुरू झाला तो आवाज साठवता आणि कापता येऊ लागला तेव्हा.

१९४८ साली पॅरिसच्या रेडिओत एका अभियंत्याने रेल्वे इंजिनांच्या आवाजांचे तुकडे जुळवून एक रचना केली. हाताशी टेप नव्हती. तबकडीवर बंद गोल खोबण कापायची आणि तोच तुकडा पुन्हापुन्हा फिरवायचा, अशी युक्ती होती. पुढे यातून एक शिस्तच उभी राहिली: इंजिन विसरा, स्टेशन विसरा, फक्त नाद ऐका. ऐकण्याचा तो एक कडक रियाज होता, हे मान्य. पण त्यात जागा पुसली गेली.

उलट दिशेचं काम १९६९ नंतर ठळक झालं. अमेरिकेत एका रचनाकाराने खोलीत बसून एक परिच्छेद वाचला, तो ध्वनिमुद्रित केला, त्याच खोलीत वाजवून पुन्हा मुद्रित केला, आणि हे चालूच ठेवलं. हळूहळू शब्द विरघळले आणि उरले ते खोलीचे स्वतःचे स्वर. त्याच सुमारास कॅनडातल्या व्हँकूव्हरजवळच्या एका विद्यापीठात काही जणांनी बंदर, भोंगे, घंटा यांचं परिसरध्वनी म्हणून मुद्रण सुरू केलं. आवाज त्याच्या उगमापासून तोडणं हाच त्यांना आपल्या काळाचा आजार वाटत होता.

या दोन टोकांच्या मधोमध १९७० ची एक रचना उभी आहे, आणि माझ्या मते सगळा वाद तिच्यातच आहे. एड्रियाटिक समुद्राकाठच्या एका छोट्या गावात पॅरिसच्याच वर्तुळातल्या एका संगीतकाराने खिडकीशी मायक्रोफोन ठेवून पहाट टिपली. होड्या, माणसांची बोलणी, जनावरं, मग किड्यांची किरकिर. कित्येक तासांचं मुद्रण त्याने सुमारे २० मिनिटांवर आणलं, पण सांधे ऐकू येऊ दिले नाहीत. ऐकणाऱ्याला वाटतं, आपण सलग पहाट ऐकतो आहोत. त्याच्या सोबत्यांपैकी काहींना हे संगीतच वाटलं नाही, कारण कर्त्याचा हात कुठे दिसत नव्हता. दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो: जागा जशीच्या तशी ठेवली, पण काळ गुपचूप कापला. गावाची पहाट २० मिनिटांची नसते, आणि तिथला कंटाळा, तिथली वाट पाहणं हेही त्या जागेचंच असतं. तरीही ही रचना मी वरच्या दर्जाची मानतो. एका सामान्य गावाची सामान्य पहाट पूर्ण लक्ष देऊन ऐकण्याजोगी आहे, हे तिने कानांना पटवून दिलं.

हाच प्रश्न मराठवाड्यात ओव्यांपाशी येतो. १९९० च्या दशकात महाराष्ट्रभर जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचं मोठं काम झालं. त्यातलं काही मुद्रण १९९६ साली बीड जिल्ह्यातल्या माजलगावात झालं. पिठाच्या गिरण्या तोवर गावोगाव पोचल्या होत्या आणि जाती कोपऱ्यात गेली होती. मुद्रण करणाऱ्याला मोह होतो तो स्वच्छ गळ्याचा: शब्द नीट कळावेत, घरघर नको. पण ओवीची लय खुंट्याच्या फेऱ्यावर बसलेली असते. मूठभर दाणे तोंडात पडले की जात्याचा आवाज जड होतो. दाणे सरत आले की दगडाला दगड खरखरू लागतो. त्या खरखरीवरून पुढची मूठ कधी घालायची ते दळणारीला बघावं लागत नाही. ही घरघर गाळली तर ओवीचे शब्द वाचतात, दळणाची पहाट मात्र जाते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर लातूर-उस्मानाबादेतली कित्येक गावं नव्या जागी वसवली गेली. जुन्या गावात बोळ अरुंद आणि भिंती दगडमातीच्या जाड होत्या. नव्या वसाहतींत रस्ते रुंद आहेत आणि घरं सुटी सुटी. नाव तेच राहिलं, पण हाकेचं अंतर बदललं. म्हणून इथल्या मुद्रणावर फक्त गावाचं नाव लिहून भागत नाही. जुनं गाव की पुनर्वसित, कोणतं साल, कोणता प्रहर, आणि मध्ये काही कापलंय का, हे सगळं नोंदवायला हवं.

अलीकडे हिंगोली जिल्ह्यातल्या पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून गूढ आवाज येत असल्याच्या बातम्या वारंवार येतात. अशा आवाजाचा एखादा तुकडा फोनवर टिपून पुढे पाठवला, की तो भूकंपाचा आहे, मेघगर्जना आहे की खाणीतला सुरुंग, हे सांगणं अवघड. त्याच्याआधीची शांतता, कुत्र्यांचं भुंकणं, घराबाहेर आलेल्या माणसांची बोलणी सलग ठेवली, वेळ आणि ठिकाण लिहिलं, तर तेच मुद्रण भूकंपमापकाच्या नोंदीशी ताडून पाहता येतं. ध्वनिकलेसाठीही मला न कापलेली हीच प्रत हवी आहे.